होडेकर बाईंच्या आधारपेशी

पडद्यावरचं चित्र नीट बघायचं असलं की होडेकर बाई डावा डोळा तळहाताने झाकून घेत. नवख्या माणसाला वाटे, बाईंचं डोकं दुखतंय. तसं काही नसे. त्यांचा डावा डोळा दिसायला उजव्यासारखाच होता, काळाभोर आणि तेजदार, पण त्याने त्यांना जवळजवळ काहीच दिसत नसे. लहानपणी तो किंचित तिरळा होता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. नवव्या वर्षी शाळेतल्या तपासणीत ते सापडलं, तेव्हा डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. दिसत नाही तर झाकता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मधे मधे लुडबुड करतो." आणि मग, अगदी वर्गात सांगावं तशा सुरात, "डोळा बरा आहे माझा. डोक्याने त्याला कामावरून काढलंय. का काढलं, ते मला शोधायचंय."

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात बाई प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर संगणक. वयाने त्या माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. राजीवड्यातलं त्यांचं घर दर्यावर्दी माणसांचं. आजोबा गलबतावर, वडील जहाजावर, भाऊ आखातात. मी देवरूखकडचा, डोंगरातला. स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की बाई त्यात डोकावून म्हणत, "तुमची हयात सुकटीवर गेली, साळवी. ताजा मासा तुम्हाला बघून लाजेल." मला हलवा कुठला आणि सरंगा कुठला हे खरोखरच सांगता येत नसे, आणि ही बातमी त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत पोचवली होती.

निवृत्तीला सहा वर्षं राहिली असताना एका दुपारी त्या जिना चढून माझ्या प्रयोगशाळेत आल्या. बसल्या, दम खाल्ला आणि विचारलं, शिकवायचा कंटाळा आलाय का. मी नाही म्हणालो. "खोटं बोलता येत नाही तुम्हाला, हे एक बरं आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून चौकटींच्या कागदाची वही काढली. पानापानावर रंगीत पेन्सिलीने चौकटी भरलेल्या होत्या. गेली दोन वर्षं बाई मेंदूचा एक तुकडा हाताने चालवून बघत होत्या.

त्यांचं काम मला समजलं तसं सांगतो. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं दालन आहे. तिथल्या चेतापेशींची एकेकीची आवड ठरलेली असते. कुणी उभ्या रेषेला जागी होते, कुणी आडव्या, कुणी तिरप्या. सारख्या आवडीच्या पेशी एकत्र बसतात आणि त्यांचे टापू होतात. प्रत्येक आवडीला एक रंग दिला, तर तो सगळा नकाशा मिरकरवाड्याच्या धक्क्याशी पाण्यावर डिझेलचा तवंग पसरतो तसा दिसतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत हा नकाशा पुरा नसतो. बघून बघून तो घडतो, आणि एका वयानंतर त्यात फेरफार होणं जवळपास थांबतं. बाईंच्या डाव्या डोळ्याला तोवर त्यात जागा मिळाली नव्हती.

असा नकाशा संगणकात घडवून दाखवणारे प्रोग्रॅम आधीपासून होते. पण त्यांत एक नियम लिहिणाऱ्याने हाताने घातलेला असे. पेशीने आपल्या शेजारणीला आपल्यासारखं करून घ्यावं, असा. बाईंचं म्हणणं होतं की हा नियम आपण लिहायचाच नाही. चेतापेशींच्या मधल्या जागेत आधारपेशी असतात. एकेक आधारपेशी आपल्या फांद्या पसरून असंख्य जोडण्यांना एकाच वेळी शिवते. तिच्या पसाऱ्याखाली आलेल्या पेशी त्यामुळेच एकत्र बदलत असतील तर? मग शेजारणीचा नियम वेगळा सांगावाच लागणार नाही, आधारपेशीच टापू बनवतील.

आधारपेशींवर त्यांचा एवढा जीव का, हेही त्यांनी सांगितलं होतं. त्यांचे वडील जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. घरात जहाजांचे फोटो होते आणि त्यांच्याखाली कप्तानांची नावं होती. "अब्बा एकाही फोटोत नाहीत," त्या म्हणाल्या. "पुस्तकांत आधारपेशींचं तसंच आहे. चेतापेशींना अडीचशे पानं आणि यांना एक. त्यातही लिहिलेलं काय, तर या नुसत्या आधार देतात. नुसत्या!"

बाईंची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. प्रोग्रॅम चालवण्याआधी त्या एका चिठ्ठीवर काय येणार ते लिहीत, घडी घालत आणि खारी बिस्किटांच्या डब्यात टाकत. चित्र आल्यावर चिठ्ठी उघडायची. चिठ्ठीशिवाय काहीही चालवायचं नाही. मी पहिल्यांदा हसलो होतो, कारण संगणकाला तेच पुन्हा चालवणं काही महाग पडत नाही. बाई म्हणाल्या, "त्याला पडत नाही. आपल्याला पडतं. चित्र बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं, मला हेच अपेक्षित होतं." त्यांच्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या चुकत, आणि चुकलेल्या त्या वेगळ्या गठ्ठ्यात, तारीख घालून, जपून ठेवत. बरोबर आलेल्यांची त्यांना तेवढी माया नव्हती.

आता माझ्या भागाचं सांगतो. हे मी आजवर सगळ्यांसमोर असं लिहिलेलं नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत माझ्या प्रोग्रॅममधून काहीच येत नव्हतं. रोज संध्याकाळी बाई वर यायच्या, डोळा झाकून पडद्याकडे बघायच्या, आणि पडद्यावर रंगांचा चिवडा असायचा. उद्या बघू, म्हणून त्या खाली जायच्या. मला मात्र लाज वाटायची. एका दिवशी मी तो जुना, शेजारणीचा नियम अगदी थोड्या प्रमाणात आत घातला. चित्राला जरा आकार आला, बाईंचा चेहरा उजळला. दोन दिवसांत काढून टाकू, असं मी ठरवलं होतं. मग दुसरी कामं आली, प्रोग्रॅम वाढत गेला आणि तो नियम कुठेतरी खाली तसाच राहिला. मी तो विसरलो. निदान मला तसं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मुलं सुट्टीवर होती आणि प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं आम्हाला मिळाली होती. लाईट दोनदा गेली तरी चार दिवसांत चित्र तयार झालं. डिझेलचा तवंग, हुबेहूब. आधारपेशीचा पसारा वाढवला की टापूही रुंद होत होते. बाईंनी चिठ्ठी उघडली. जसंच्या तसं. "बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला आवडलं नाही." आता आधारपेशी बंद करून चालवा, असं त्यांनी सांगितलं. टापू नाहीसे झाले तरच ते आधारपेशींचे. त्यांना भाचीच्या लग्नाला चिपळूणला जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मला दाखवूनच डब्यात टाकली. तिच्यावर एकच शब्द होता, कोरं, म्हणजे एकही टापू नाही.

मी आधारपेशी बंद करून प्रोग्रॅम चालवला. टापू नाहीसे झाले नाहीत. अरुंद झाले, पण होते. तासाभरात मला तो नियम सापडला. मीच घातलेला. म्हणजे टापू मी बनवले होते आणि श्रेय आधारपेशींना चाललं होतं.

दुपारी बाईंचा चिपळूणहून फोन आला. मागे लग्नघरातला गोंगाट होता. काय आलं, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "कोरं." त्यांनी कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "अगो, बरोबर आलं माझं!" त्या घरात कुणाला काय कळलं असेल कोण जाणे, पण तिकडे टाळ्या वाजल्या.

सांगायला अवसर नव्हता असं नाही. चार महिने होते. रोज मी ठरवायचो आणि रोज बाई काहीतरी नवीन घेऊन यायच्या. पुण्याला एका परिषदेत त्यांना वीस मिनिटं बोलायला मिळाली. डोक्यावर पदर, हातात तीच वही. स्वच्छ मराठी वळणाच्या इंग्रजीत त्या इतक्या ठामपणे बोलल्या की मागच्या रांगेतले लोक फोन खाली ठेवून ऐकायला लागले. शेवटी कुणीतरी नेमका प्रश्न विचारला, आधारपेशी बंद करून बघितलंत का? बाईंनी माझ्याकडे हात केला. म्हणाल्या, माझ्या सहकाऱ्याने बघितलंय, कोरं येतं. सभागृह माझ्याकडे वळलं आणि मी मान डोलावली.

त्या सभागृहात मृणाल नावाची एक मुलगी होती, पीएचडी सुरू करायच्या बेतात असलेली. पंधरा दिवसांत ती रत्नागिरीला आली. बाईंनी तिला घरी ठेवून घेतलं, सरंगा तळून घातला आणि मला बोलावून मी तो ओळखतो का याची परीक्षाही घेतली. मी नापास झालो. जेवताना मृणालने सांगितलं की तिने आधीचा विषय सोडला आहे. मार्गदर्शक नाराज आहेत, वडीलही, पण तिला आधारपेशींवरच काम करायचं आहे, आमच्या प्रोग्रॅमवरून पुढे. बाईंनी तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. म्हणाल्या, "आतलं सगळं साळवी शिकवतील तुला."

दुसऱ्या दिवशी मी तिला चित्रं दिली आणि प्रोग्रॅम जरा नीटनेटका करून पाठवतो म्हणालो. तिने माझे आभार मानले. ती आरे-वारेचा किनारा बघून जायचं म्हणत होती. मी तिला रिक्षात बसवलं, परत आलो, आणि पाचव्या तासाला वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्याच दिवशी चार वाजता मी बाईंना वर बोलावलं आणि बसायलाही न सांगता म्हणालो, "बाई, मे महिन्यात कोरं आलं नव्हतं."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. मी सगळं सांगितलं, नियम का घातला तिथपासून पुण्यात मान डोलावली तिथपर्यंत. त्यांनी मला मधे तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मी असं का केलं हा नव्हता.

"तो नियम पूर्ण काढला आणि आधारपेशी चालू ठेवल्या, तर काय येतं?"

मी ते चालवलंच नव्हतं. भीती वाटली होती.

"म्हणजे चार महिने आपल्याकडे काय आहे हे तुम्हाला पण माहीत नाही," बाई म्हणाल्या. "लावा."

मी नकाशाचा लहानसा तुकडाच लावला, त्याला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाईंनी शेजारच्या टेबलावर मुलांची जर्नलं तपासली. बेडकाच्या आकृतीला त्यांनी कुणाला तरी दहापैकी चार दिलेले मला अजून आठवतात. मग चित्र आलं. रंगांचा चिवडा. आधारपेशी एकट्याने टापू बनवत नव्हत्या. बाई डोळा झाकून बराच वेळ बघत राहिल्या. त्यांची पाच वर्षं त्या पडद्यावर होती.

"मला वाईट वाटलंय," त्या म्हणाल्या. "ते दोन दिवस वाटणार. तुम्ही त्यात पडू नका. त्या मुलीला मात्र आज कळवायचं."

त्या माझ्याच यंत्रावर बसल्या आणि दोन बोटांनी पत्रं लिहू लागल्या. एक मृणालला, एक परिषदेच्या लोकांना. सांगितलेला निष्कर्ष चुकीचा आहे, चूक आमची आहे, त्यावर पुढचं काम उभं करू नये. मी म्हणालो, आमची नको, माझं नाव लिहा. बाई टाइप करायच्या थांबल्याही नाहीत. "तुमच्या पश्चात्तापाला या पत्रात जागा नाही, साळवी. काय करायचं नाही, एवढंच तिला कळलं पाहिजे."

मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण मला खरंच हायसं वाटलं. मृणाल आपल्या जुन्या विषयाकडे परत गेली. पुण्याहून दोन कोरडी उत्तरं आली. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, बाईंनी झेपेल एवढीच उडी मारायला हवी होती. दुसरा म्हणाला, या वयात होतं असं. मी तिथेच बसलो होतो. माझ्यासमोर डबा होता. मी डबा खाल्ला.

बाईंचे दोन दिवस खरोखर दोनच दिवस होते. तिसऱ्या दिवशी त्या नवी वही घेऊन वर आल्या. पुढचे चौदा महिने आम्ही सगळं पहिल्यापासून केलं, प्रोग्रॅमची एकेक ओळ मी मोठ्याने वाचायची आणि बाईंनी विचारायचं, ही कशाला? संगणकाची त्यांना काही माहिती नव्हती. पण "ही कशाला" या प्रश्नापुढे माझ्या कितीतरी ओळी टिकल्या नाहीत. शेवटी जे हाती लागलं ते पहिल्यापेक्षा लहान होतं, पण पक्कं होतं. टापू होतात ते शेजारणीच्या नियमाने, तो फार क्षीण असला तरी. आधारपेशी ते बनवत नाहीत. त्या टापूंची रुंदी ठरवतात. त्यांचा पसारा आखूड केला की नकाशा बारीक होतो, फार वाढवला की सगळा एकरंगी होतो. मी बाईंना म्हणालो, तुमच्या मनासारखं नाही आलं. त्या हसल्या. "अब्बा जहाज चालवत होते, असं मी कधी म्हटलं नव्हतंच."

ते छापून आलं तेव्हा गावातला एक पत्रकार आला. यातून अंधांना दिसू लागेल का, असं त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं, नाही, माझाही डोळा बरा होणार नाही, लिहा तसं. त्याने बातमीच दिली नाही.

त्या लेखावर पहिलं नाव माझं आहे. बाईंनी मसुद्यात ते तसं घातलेलं बघून मी भांडलो होतो. कल्पना त्यांची, वह्या त्यांच्या, चौदा महिने जिना चढल्या त्या. माझं नाव तर काढूनच टाकायला हवं, असं मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

"पहिलं नाव मानासाठी असतं असं वाटतं का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "पहिल्या नावाला पत्रं येतात. लोक विचारतात हे कसं केलं, ते का नाही केलं. मी आता निवृत्त होणार, मला नातवंडं आहेत. तुम्ही द्या उत्तरं."

पहिलं पत्र पंधरा दिवसांत आलं, आणि ते मृणालचं होतं. तिने तेच विचारलं होतं. पहिल्या वेळी कोरं येतं म्हणून सांगितलं होतं, ते कसं? उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. त्यात मी सगळं लिहिलं, नियम, फोन, मान डोलावणं. पाठवण्याआधी राजीवड्यात जाऊन बाईंना दाखवलं. त्यांनी डोळा झाकून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिला. "'खेद वाटतो' दोनदा आलंय," त्या म्हणाल्या. "एक काढा." मी एक काढला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, एका सकाळी बाई गेल्या. हृदयाचं निमित्त झालं. भावाला आखातातून वेळेवर पोचता आलं नाही. त्यांच्या मुलाने मला पुढे बोलावलं, आणि राजीवड्यातून कब्रस्तानापर्यंत काही पावलं मलाही खांदा देता आला. मला त्याचा अधिकार होता की नाही, हे मी त्या वेळी मनाला विचारलं नाही. पुष्कळ विद्यार्थी आले होते, कुणी डॉक्टर, कुणी मासळीच्या धंद्यातले. स्टाफमधला तो उडीवाला गृहस्थही आला होता. परतताना मी त्याला थांबवून सांगितलं की त्या वेळी चुकलं ते माझं होतं, बाईंचं नव्हे. तो गोंधळला. असू दे हो साळवी, आता काय त्याचं, म्हणाला. मी म्हटलं, नाही, तुम्हाला माहीत असू दे.

पत्रं येत राहतात. फार नाहीत, वर्षाला पाचसहा. परवा बंगलोरच्या एका विद्यार्थिनीचं आलं. लेख वाचला, परिषदेतल्या जुन्या भाषणाचा सारांशही तिला कुठेतरी सापडला होता. दोन्ही जुळत नाहीत, असं तिने भीत भीत लिहिलं होतं. आधारपेशी बंद करून चालवलं होतं का, हे तिला विचारायचं होतं.

मी तासाच्या आधी बसून उत्तर लिहिलं. हो, चालवलं होतं. पहिल्या वेळी टापू आले आणि मी ते लपवले. होडेकर बाई भाषणात जे बोलल्या ते माझ्या शब्दावर विसंबून बोलल्या. त्यानंतर काय काय आलं ते सगळं, फसलेल्या चित्रांसकट, सोबत जोडलं आहे. प्रोग्रॅमही जोडला आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः चालवून बघा, आणि काही वेगळं आलं तर मला कळवा.

मग घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो.